मॅकॉर्मिक होमवर पोचला, तरी धाव नाही : न्यू यॉर्क जायंट्स वि. शिकागो कब्ज, २३ सप्टेंबर १९०८

डगआउट (धागाकर्ता)

सुपर ओव्हरच्या धाग्यावर 'मर्कलचा गाढवपणा' हे शब्द (१९०८ च्या एका गाजलेल्या बेसबॉल सामन्याबद्दलचे) कुणीतरी टाकले आणि तिथला मूळ विषय बाजूला पडला. म्हणून हा स्वतंत्र धागा. आधी त्या इनिंगमध्ये मैदानावर काय घडलं ते क्रमाने मांडतो. कायद्याचा कीस नंतर पाडू. बेसबॉल न बघणाऱ्यांसाठी एवढंच : पहिला, दुसरा, तिसरा बेस करत होमला पाय लावला की एक धाव, आणि तीन आउट झाले की बॅटिंग दुसऱ्या संघाकडे.

नॅशनल लीगचा (अमेरिकेतल्या दोन मोठ्या बेसबॉल लीगपैकी एक) १९०८ चा मोसम १५४ सामन्यांचा होता. सप्टेंबर संपत आला तरी न्यू यॉर्क, शिकागो आणि पिट्सबर्ग एकमेकांच्या टाचेवर पाय देत होते. त्या बुधवारी पोलो ग्राउंड्सवर जायंट्सकडून क्रिस्टी मॅथ्यूसन पिचर (चेंडू टाकणारा), कब्जकडून डावखुरा जॅक फीस्टर. जायंट्सचा नेहमीचा पहिल्या बेसवरचा खेळाडू फ्रेड टेनी पाठ धरल्यामुळे बाहेर, म्हणून १९ वर्षांचा फ्रेड मर्कल पहिल्या बेसवर. पाचव्या इनिंगमध्ये कब्जच्या जो टिंकरने मैदानातल्या मैदानातच होम रन (एकाच फटक्यात थेट होमपर्यंत) पळून काढली, सहाव्यात डॉनलिनच्या सिंगलवर (एका बेसच्या फटक्यावर) जायंट्सने बरोबरी साधली. १-१.

नवव्या इनिंगचा उत्तरार्ध, जायंट्सची बॅटिंग. सिमोर ग्राउंडरवर (जमिनीलगतच्या फटक्यावर) बाद. डेव्हलिनचा सिंगल. मूस मॅकॉर्मिकने कब्जच्या सेकंड बेसमन (दुसऱ्या बेसपाशी फील्डिंग करणारा) जॉनी एव्हर्सकडे ग्राउंडर मारला, डेव्हलिन दुसऱ्या बेसवर फोर्स आउट (म्हणजे काय ते पुढे येईलच), मॅकॉर्मिक पहिल्यावर वाचला. दोन आउट. मर्कलने उजव्या रेषेलगत सिंगल मारला, मॅकॉर्मिक तिसऱ्यावर गेला. मग अल ब्रिडवेलने पहिल्याच चेंडूवर दुसऱ्या बेसच्या वरून सेंटर फील्डकडे सरळ फटका ठोकला. मॅकॉर्मिकने होमला पाय लावला आणि प्रेक्षक मैदानात घुसले. पहिल्यावरून निघालेल्या मर्कलने दुसरा बेस गाठण्याआधीच वळून क्लबहाउसची वाट धरली. एव्हर्सने चेंडू मागवला, हातात चेंडू घेऊन दुसऱ्या बेसवर उभा राहिला आणि अंपायरकडे आउटची मागणी केली. हँक ओडे यांनी निर्णय दिला : मर्कल आउट, धाव नाही. मैदान माणसांनी भरलेलं आणि अंधार पडत आलेला, त्यामुळे सामना १-१ असा तिथेच थांबला.

गल्ली क्रिकेट

छान मांडलंय. एक मूलभूत शंका. मॅकॉर्मिक आधी होमवर पोचला, मर्कल त्यानंतर आउट झाला. आधी झालेली धाव नंतरच्या आउटने पुसली कशी जाते? क्रिकेटमध्ये दुसरी धाव घेताना धावबाद झालं तर पहिली धाव राहते की.

पंचनामा

@गल्ली क्रिकेट, तुम्ही धावबादशी तुलना केलीत म्हणून अडकलात. झेलाशी करून बघा. उंच फटका मारला, चेंडू हवेत असताना दोघांनी पळून धाव पूर्ण केली आणि मग झेल घेतला. ती धाव धरतात का? नाही. धाव आधी पूर्ण झाली, झेल नंतर पकडला, तरी नाही. फोर्स आउटचं गणित तसंच आहे.

बॅटरने चेंडू जमिनीवर मारला की त्याला पहिला बेस घ्यावाच लागतो. एका बेसवर दोघे राहू शकत नाहीत, म्हणून पहिल्यावरच्याला दुसऱ्यावर जाणं भाग पडतं. लोकलच्या दारात मागून रेटा आला की पुढच्याला सरकावंच लागतं, तसं. अशा भाग पडलेल्या धावकाला अंगाला चेंडू लावून बाद करायची गरज नसते. चेंडू हातात घेऊन त्याच्या पुढच्या बेसला पाय लावला की पुरे.

आता दोन आउट असताना तिसरा आउट कसा झाला यावर सगळं ठरतं. बॅटर पहिला बेस गाठण्याआधी बाद झाला, तर धाव नाही. तिसरा आउट फोर्सचा असेल, तरी धाव नाही, मग होमवरचा माणूस दहा सेकंद आधी पोचलेला असो. मात्र तिसरा आउट भाग न पडलेल्या धावकाला टॅग करून (अंगाला चेंडू लावून) झाला, तर मग वेळ बघतात : टॅगच्या आधी होमला पाय लागला असेल तर धाव धरतात. तुमचा धावबाद या तिसऱ्या प्रकारात बसतो. मर्कल दुसऱ्या प्रकारातला. १९०८ च्या नियमपुस्तकात हे स्पष्ट होतं आणि आजही तसंच आहे.

स्कोअरबुक

पंचनामांना +१. यात दोन बारकावे जोडतो, कारण ते सहसा सुटतात.

एक, हाच नियम याच इनिंगमध्ये, याच बेसवर काही मिनिटं आधी लागू झाला होता. डेव्हलिन तिथेच फोर्स आउट झाला आणि कुणी चकार शब्द काढला नाही. 'कब्जने कुठला तरी धूळ खात पडलेला नियम उकरून काढला' असं जे म्हटलं जातं ते अर्धवट खरं आहे. फोर्स हा बेसबॉलचा रोजचा डाळभात. तो सामना संपवणाऱ्या फटक्यावर वापरणं हे मात्र त्या काळी होत नव्हतं.

दोन, मर्कलने स्वतःचा फटका मारल्यावर पहिल्यावर थांबणं पसंत केलं. दुसऱ्या बेसचा मोह टाळण्यामागे विचार चांगला होता : तिसऱ्यावर विजयाची धाव उभी असताना उगाच दुसऱ्यावर मरून इनिंग कशाला संपवायची? पण तो दुसऱ्यावर पोचला असता तर पहिला बेस रिकामा राहिला असता. मग ब्रिडवेलच्या फटक्यावर ना मर्कलला पळणं भाग, ना मॅकॉर्मिकला. मर्कल वाटेत बसून शेंगा खात राहिला असता तरी फोर्स लागला नसता.

चौथी स्लिप

'गाढवपणा' या शब्दाला माझा ठाम विरोध. त्या काळची रीत बघा. पोलो ग्राउंड्सवर खेळाडूंचं क्लबहाउस आउटफील्डच्या (बेसच्या पलीकडच्या मैदानाच्या) पलीकडे होतं. सामना संपला की प्रेक्षकही मैदानातूनच चालत बाहेर पडायचे. म्हणजे विजयी फटका बसला रे बसला की हजारो माणसांच्या आधी त्या टोकाला पोचायची प्रत्येक खेळाडूला घाई. पहिल्यावरचा धावक अर्ध्या वाटेतून वळतो हे सगळे करत होते आणि सगळे अंपायर चालवून घेत होते. वर्षानुवर्षं जे चालवून घेतलं ते एका पोरावर एका दुपारी लादायचं, हा कुठला न्याय?

पंचनामा

@चौथी स्लिप, रीतीबद्दल पूर्ण सहमत. 'एका दुपारी' याबद्दल असहमत. १९ दिवस आधीचा सामना पाहिला तर चित्र बदलतं.

४ सप्टेंबर १९०८, पिट्सबर्गचं एक्सपोझिशन पार्क. पायरेट्स वि. कब्ज, दहावी इनिंग, ०-०, तिन्ही बेस भरलेले, दोन आउट. ओवेन विल्सनचा सिंगल, फ्रेड क्लार्क तिसऱ्यावरून होमवर. पहिल्यावरचा वॉरन गिल दुसऱ्या बेसला पाय न लावताच वळला. एव्हर्सने तेव्हाही चेंडू मागवून दुसऱ्या बेसवर पाय ठेवला आणि आउट मागितला. अंपायर एकटेच होते आणि ते हेच हँक ओडे. त्यांनी गिलकडे पाहिलेलंच नव्हतं, त्यामुळे आउट दिला नाही. सामना पायरेट्सने १-० जिंकला. कब्जने लीगचे अध्यक्ष हॅरी पुलियम यांच्याकडे तक्रार नेली, ती फेटाळली गेली.

आता विचार करा. एकच अंपायर असताना अशा फटक्यावर त्याने काय काय बघायचं? चेंडू खाली पडला की झेलला, बॅटर पहिल्यावर पोचला का, होमला पाय लागला का, आणि दुसऱ्या बेसवर काय चाललंय. चार गोष्टी, दोन डोळे. पहिल्या तिन्ही निर्णायक म्हणून चौथी सोडून द्यायची, हीच ती 'रीत'. तिचं मूळ उदारपणात कमी, अंपायरच्या अपुऱ्या संख्येत जास्त.

२३ तारखेला दोन अंपायर होते. होममागे ओडे, बेसवर बॉब एम्स्ली. ब्रिडवेलचा फटका थेट एम्स्लींच्या दिशेने आला आणि तो चुकवायला ते जमिनीवर पडले. सावरून उठले तेव्हा त्यांनी ब्रिडवेल पहिल्यावर पोचला की नाही ते पाहिलं. दुसरा बेस त्यांच्याकडून राहिला. एव्हर्सने आउट मागितला तेव्हा त्यांनी ओडेंना विचारलं. पिट्सबर्गमध्ये एकदा पोळलेल्या ओडेंची नजर या वेळी तिकडेच होती. इथे जॉनी एव्हर्सला मानलं पाहिजे. तोच अंपायर, तीच परिस्थिती, आणि या वेळी तो बघत असणार याची त्याला खात्री होती.

अवांतरवाला

एव्हर्स म्हणजे खवट माणूस असणार. वाचतोय.

कोरडा चेंडू

नियम समजला, पण पुरावा कुठाय? मर्कल आउट व्हायला एव्हर्सच्या हातात तोच चेंडू हवा. सेंटर फील्डर सॉली हॉफमनने फेकलेला चेंडू एव्हर्सपर्यंत नीट आला नाही. जायंट्सचा जो मॅकगिनिटी तिसऱ्या बेसपाशी कोचिंग करत होता. काय चाललंय ते त्याच्या ध्यानात आलं आणि झटापटीत त्याने चेंडू पटकावून गर्दीत भिरकावला. पुढचं प्रत्येक जण वेगळं सांगतो. कुणी म्हणतं कब्जच्या रूब क्रोने प्रेक्षकाकडून तो हिसकावून आणला, कुणी म्हणतं बाकावरच्या पिशवीतून दुसराच चेंडू एव्हर्सकडे गेला. गर्दीत गेलेला चेंडू जिवंत कसा राहतो? आणि क्रो तर त्या दिवशी खेळतही नव्हता. बाकावरच्या माणसाने चेंडूला हात लावला की खेळ थांबायला हवा.

पंचनामा

मुद्दा बिनतोड आहे. पण तो जायंट्सच्याही गळ्यात पडतो. मॅकगिनिटीही त्या क्षणी खेळणारा नव्हता, बॅटिंग करणाऱ्या संघाचा कोच होता. बाद करण्याच्या प्रयत्नात कोचने मुद्दाम अडथळा आणला तर त्याच्याच संघाच्या धावकाला बाद द्यावं लागतं. म्हणजे चेंडू मेला असं धरलं तरी तो मॅकगिनिटीच्या हातून मेला, आणि निकाल पुन्हा 'मर्कल आउट' असाच येतो. चेंडू खरा की बनावट हा वाद चवीने चघळायला छान आहे, पण त्याने निर्णय फिरत नाही.

निर्णय फिरू शकला असता तो एकाच कारणाने : गर्दीमुळे मर्कलला दुसऱ्या बेसपर्यंत जाताच आलं नाही, असं सिद्ध झालं असतं तर. पण तो गर्दी अंगावर यायच्या आधीच वळला होता.

कोरडा चेंडू

मॅकगिनिटीचा मुद्दा मान्य. हा विचार मी केला नव्हता.

गल्ली क्रिकेट

मग बरोबरीच का? आउट दिला, १-१ झालं, तर दहावी इनिंग खेळवायची.

डगआउट

नियमाने तेच करायला हवं होतं. पण मैदानावर हजारो माणसं होती आणि उजेड जात होता. त्या काळी मैदानावर दिवे नव्हते. अंधारामुळे सामना थांबवायचा अधिकार अंपायरला होता, तो ओडेंनी वापरला.

कब्जचा कप्तान-मॅनेजर फ्रँक चान्सचं म्हणणं वेगळं होतं. मैदान मोकळं ठेवणं ही यजमानांची जबाबदारी, ती त्यांनी पाळली नाही, म्हणून सामना आम्हाला बहाल करा. बेसबॉलमध्ये बहाल केलेल्या सामन्याचा स्कोअर ९-० धरतात. जायंट्सचा मॅनेजर मॅकग्रॉचं म्हणणं, आम्ही २-१ जिंकलो, विषय संपला. म्हणजे एकाच सामन्याचे तीन निकाल टेबलावर : २-१, ९-० आणि १-१.

पुलियम यांनी १-१ कायम ठेवला. त्यांच्यावर न्यू यॉर्कमधून टीकेची झोड उठली, पण मला त्यांची बाजू पटते. पिट्सबर्गच्या वेळी ओडे म्हणाले 'पाहिलं नाही', तेव्हा पुलियम ओडेंच्या मागे उभे राहिले. न्यू यॉर्कला ओडे म्हणाले 'पाहिलं', तेव्हाही ओडेंच्याच मागे. वरवर उलटसुलट वाटणाऱ्या या दोन निकालांमागे सूत्र एकच : मैदानावर काय घडलं हे अंपायर सांगेल, अध्यक्ष नाही. जायंट्सने लीगच्या संचालकांकडे अपील केलं, तिथेही तेच कायम झालं.

ठरलं असं की मोसमाअखेर गरज पडली तर सामना पुन्हा खेळायचा. आणि गरज पडलीच. ४ ऑक्टोबरला कब्जने पिट्सबर्गला ५-२ हरवलं. तो सामना पायरेट्स जिंकले असते तर अजिंक्यपद त्यांचं होतं आणि मर्कलचं नाव कुणाला आठवलं नसतं. जायंट्सने उरलेले सामने जिंकून कब्जला ९८ विजय, ५५ पराभव असं बरोबर गाठलं.

८ ऑक्टोबर, पुन्हा पोलो ग्राउंड्स, पुन्हा मॅथ्यूसन आणि फीस्टर. फीस्टर पहिल्याच इनिंगमध्ये डळमळला आणि चान्सने त्याला काढून मॉर्डेकाय ब्राउनला आणलं. हा तोच 'तीन बोटांचा' ब्राउन : लहानपणी शेतावरच्या यंत्रात उजव्या हाताची तर्जनी गेली, त्या वाकड्या पकडीमुळे त्याचा चेंडू विचित्र खाली पडायचा. तिसऱ्या इनिंगमध्ये टिंकरने सिमोरच्या डोक्यावरून ट्रिपल (तीन बेसचा फटका) मारला आणि त्या इनिंगमध्ये कब्जच्या चार धावा झाल्या. सातव्यात जायंट्सने तिन्ही बेस भरले, एकही आउट नव्हता, तरी हाती लागली एकच धाव, तीही टेनीच्या उंच फटक्यावर, झेल घेतल्यानंतर पळून. हो, तोच टेनी, ज्याच्या पाठीमुळे मर्कल खेळला. कब्ज ४-२. अंतिम तक्ता : शिकागो ९९-५५, न्यू यॉर्क ९८-५६, पिट्सबर्ग ९८-५६.

चौथी स्लिप

म्हणजे मॅथ्यूसन दोन्ही वेळा हरला आणि मर्कलची कारकीर्द संपली.

स्कोअरबुक

दोन्ही चूक :)

२३ सप्टेंबरचा सामना बरोबरीत, त्यामुळे मॅथ्यूसनच्या खात्यात ना विजय ना पराभव. ८ ऑक्टोबरचा मात्र पराभव. त्या मोसमात त्याचे विजय ३७, पराभव ११. बरोबरीच्या सामन्याची वैयक्तिक आकडेवारी धरली जाते, तक्त्यात तो सामना मोजत नाहीत, एवढाच फरक.

मर्कल १९२६ पर्यंत खेळला. मॅकग्रॉने त्याला कधी दोष दिला नाही. उलट पगार वाढवला असं सांगतात. पुढे तो जायंट्सचा पहिल्या बेसवरचा नेहमीचा खेळाडू झाला, १९११, १९१२, १९१३ या तिन्ही वर्षी वर्ल्ड सिरीज (दोन लीगच्या विजेत्यांमधली अंतिम मालिका) खेळला, १९१६ ला ब्रुकलिनकडून, आणि १९१८ ला चक्क कब्जकडून. पाचही वेळा त्याचा संघ हरला, हे त्याचं खरं दुर्दैव. आणि दोष द्यायचाच तर हॅरी कोव्हेलेस्कीला द्या. फिलाडेल्फियाच्या या नवख्या पिचरने मोसमाच्या शेवटी पाच दिवसांत जायंट्सला तीनदा हरवलं. त्यातला एक सामना जरी जायंट्सने जिंकला असता तर ८ ऑक्टोबर उगवलाच नसता.

रिव्हर्स स्वीप

हे सगळं आजच्या नियमात कसं बसतं? म्हणजे आज असा फटका बसला आणि पहिल्यावरचा धावक मिठ्या मारायला पळाला तर?

पंचनामा

आज फटका असेल तर मर्कलचाच नियम. सगळ्या फोर्स धावकांनी पुढचा बेस गाठायला हवा. तिन्ही बेस भरलेले असताना बॅटरला चार बॉल (पिचरने चुकीचे टाकलेले चेंडू) मिळून विजयाची धाव 'चालत' येते तेव्हा मात्र दोघांचंच बघतात : तिसऱ्यावरच्याने होमला आणि बॅटरने पहिल्याला पाय लावायचा. प्रेक्षकांनी घुसून वाट अडवली तर अंपायर तो बेस बहाल करतो. ही सोय आता लिखित आहे.

शाळा-कॉलेजात बेसबॉल-सॉफ्टबॉल शिकवणाऱ्यांसाठी : पहिल्यावरच्या धावकाची चूक साधारण एकाच जागी होते. फटका बसला की तो मान वळवून होमकडे बघतो. पाय मंदावतात, मग शरीरही तिकडे वळतं. त्याला शिकवायचं ते एवढंच की नजर दुसऱ्या बेसवर, अंतर पूर्ण, पाय बेसवर ठेवायचा आणि जवळच्या अंपायरने बघितलं याची खात्री होईपर्यंत काढायचा नाही. जल्लोष नंतर. फील्डिंग करणाऱ्यांनी आउटफील्डमधून येणारा चेंडू सोडून देऊन मैदान सोडू नये. तो जवळच्या इनफील्डरने (बेसजवळच्या फील्डरने) घ्यावा आणि मोकळ्या राहिलेल्या प्रत्येक बेसला पाय लावून यावं. दोन अंपायर असतील तर वाटणी आधीच बोलून ठेवावी : होमवाल्याने होम आणि तिसरा बघायचा, बेसवाल्याने पहिला आणि दुसरा. बेसवाला पडला किंवा गुंतला तर दुसरा बेस कुणाचा, हेसुद्धा.

अवांतरवाला

अवांतर : सेहवागचे ९९ आठवले. दांबुला, २०१०, रणदीवचा नो-बॉल. षटकार गेला, पण नो-बॉलच्या धावेनेच सामना संपलेला म्हणून षटकार धरला नाही.

स्कोअरबुक

अवांतर नाहीये, उलट नेमकं आहे. बेसबॉलमध्येही विजयी धाव होमवर आली की खेळ तिथे संपतो. मैदानात पडलेल्या फटक्याला विजयी धावकाने जितके बेस पार केले तितकेच धरतात. डबलचा फटका असला तरी तिसऱ्यावरच्याने सामना संपवला तर नोंद सिंगल. कुंपणापलीकडे गेलेला चेंडू तेवढा अपवाद, त्याच्या सगळ्या धावा धरतात. ती दुरुस्ती १९२० ची. सेहवाग बॅट घेऊन १९२० नंतरच्या अमेरिकेत उभा असता तर शतक झालं असतं.

भटक्या

न्यू जर्सी-न्यू यॉर्ककडच्या मंडळींसाठी : ते मैदान आता नाही. १९०८ चं लाकडी स्टँड १९११ च्या आगीत जळालं, नंतर काँक्रीटचं बांधलं, ते १९६४ ला पाडलं. मॅनहॅटनच्या उत्तर भागात १५५ व्या रस्त्याजवळ, कूगन्स ब्लफच्या पायथ्याला आता पोलो ग्राउंड्स टॉवर्स नावाच्या इमारती आहेत. वरून खाली येणारा जॉन ब्रशच्या नावाचा जुना जिना दुरुस्त करून ठेवलाय, तेवढाच एक अवशेष. आणि नाव पोलो असलं तरी या जागेवर पोलो कधी खेळला गेला नाही. नाव आधीच्या मैदानावरून आलं.

गल्ली क्रिकेट

शेवटची शंका. ब्रिडवेलचा तो फटका स्कोअरबुकात काय म्हणून लिहायचा? सिंगल तर होता.

स्कोअरबुक

सिंगल नाही. धावकाचा फोर्स आउट झाला की बॅटरला हिट मिळत नाही, फटका कितीही खणखणीत असो. ब्रिडवेलच्या चौकटीत एक अॅट-बॅट (बॅटिंगची पाळी), हिट शून्य, धाव मिळवून दिल्याची नोंद शून्य. तो पहिल्यावर 'फील्डर्स चॉइस'ने (फील्डरने दुसऱ्या धावकाला बाद करणं पसंत केलं म्हणून) पोचला असं लिहायचं. मर्कलच्या चौकटीत पहिल्या आणि दुसऱ्या बेसच्या मध्ये आडवी रेघ मारून तिसरा आउट. सेंटर फील्डरचा आकडा ८, सेकंड बेसमनचा ४, म्हणून नीट फेक आली असती तर ८-४. पुटआउट (बाद केल्याचं श्रेय) एव्हर्सला. मध्ये मॅकगिनिटी, प्रेक्षक आणि क्रो आले, त्यांना आकडे नसतात, म्हणून असिस्ट (बाद करायला मदत केल्याचं श्रेय) कुणाला यावर स्कोअररची पंचाईत. मॅकॉर्मिकची चौकट तिसऱ्या बेसपर्यंत काढायची आणि सोडून द्यायची. होमपर्यंतची रेघ आधीच ओढली असेल तर ती खोडावी लागते, म्हणून अशा फटक्यावर पेन्सिल वापरावी.